बिनदोऱ्याची कुपी

डोकं नवं होतं, पण किडा जुनाच होता. सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला हे दिसलं आणि दोरेमामांचा चिमटा धरलेला हात जागच्या जागी थांबला. मायक्रोस्कोपखाली काचेच्या वाटीत तो पडला होता, नखाएवढ्या लांबीचा, रंगात बुडवून गुलाबी केलेला. डोक्यापासून सहा कडी फिकट, बारीक, कोवळी. सातव्या कड्यापासून मात्र अंग एकदम जाड, राठ आणि मळकं. जुन्या सदऱ्याला नव्या कापडाची कॉलर लावावी तसं. मामांनी चाक फिरवून पुन्हा पाहिलं. सांधा तिथेच होता. मग त्यांनी मान वर करून समोरच्या भिंतीवरचं मोठं चित्र पाहिलं. तीच सहा बारीक कडी, तेच कोवळं डोकं, आणि खाली सुबक अक्षरात लिहिलेलं, ‘नवी जात, फक्त पावसाळ्यात आढळते’. नवी जात कसली नि काय कसलं! हा तर नेहमीचा नळीवाला. पावसाळ्यात उथळ पाण्यात मासे येतात, नळीतून बाहेर काढलेली मुंडी कुरतडून नेतात, आणि उरलेला किडा मरायचं सोडून नवी मुंडी उगवत बसतो. प्रयोगशाळेतल्या तरुण मॅडमनी चार वर्षं ज्याच्यावर जीव टाकला, तो माशाने अर्धवट खाऊन सोडलेला किडा होता. मामांना आधी धक्का बसला आणि त्या धक्क्याच्या मागोमाग, खोटं कशाला बोला, गोड वाटलं.

दोरेमामा हे काही त्यांचं नाव नव्हे. पण एकतीस वर्षं एकाच टेबलाशी बसल्यावर माणसाचं नाव झिजतं आणि सवय तेवढी उरते. काम असं की समुद्रातल्या ठरलेल्या जागांवर, म्हणजे ठाण्यांवर, बोटीतून तळावर लोखंडी जबडा सोडायचा, तो चिखलाचा घास घेऊन वर येतो. तो घास चाळणीत धुवायचा, चाळणीवर उरेल ते बरणीत भरायचं, त्यात फॉर्मालिन आणि गुलाबी रंग घालायचा, आणि बरणी मामांच्या टेबलावर आणून आदळायची. मामांनी त्यातून किडे, शिंपले, गोगलगायी, तांदळाएवढे खेकडे वेचायचे, जातवार कुप्यांत भरायचे आणि मोजायचे. चाळणीत किडे तुटतात, म्हणून नियम असा की मोजायची ती डोकी. शेपट्या पोत्याने सापडल्या तरी त्यांना कोणी विचारत नाही. वर्षातून तीन वेळा हा तळ वर यायचा. उन्हाळ्यात तो बाजारासारखा गजबजलेला असे. पावसाळ्यात नदीचं गोडं पाणी आणि गाळ येऊन निम्मी वस्ती उठून जाई. हिवाळ्यात नवे बिऱ्हाडकरू पोराबाळांसकट येऊन बसत. मामांनी असे एकतीस पावसाळे मोजले होते, आणि त्या मोजणीवर मोठी झालेली माणसं मोठी होऊन निघून गेली होती. पदवी नसल्यामुळे मामांना कोणाला तोंडावर चूक म्हणायची सोय नव्हती. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी एकदा म्हणून बघितलं होतं, तेव्हा त्या वेळचे साहेब चारचौघांत म्हणाले होते, “तुम्ही डोकी मोजा. डोकं चालवायचं काम आमच्याकडे राहू द्या.” सगळे हसले होते. तेव्हापासून मामांनी लाल दोऱ्याचं रीळ आणून ठेवलं. टेबलाच्या डाव्या कडेला एक पांढरा ट्रे असे. ज्याला शंका असेल त्याने आपली कुपी त्यात ठेवून निमूट निघून जायचं. संध्याकाळी येऊन बघायचं. कुपीच्या गळ्याला लाल दोरा असला तर जात चुकली. दोरा नसला तर खुशाल झोपा. विचारणं नाही, सांगणं नाही. इतक्या वर्षांत दोरा एकदाही चुकला नव्हता. आत्ताचे साहेबसुद्धा लोकांसमोर दोऱ्याची थट्टा करत आणि जेवणाच्या सुट्टीत, आजूबाजूला कोणी नाहीसं बघून, आपल्या कुप्या ट्रेत ठेवून जात.

ही कुपीही ट्रेतच होती. आतल्या चिठ्ठीवर पेन्सिलीने ‘चौथं ठाणं, पावसाळा’ एवढंच. कोणी ठेवली ते लिहिलेलं नव्हतं, पण अक्षर मॅडमचं होतं. विसरली असेल इथे, मामांनी मनाशी म्हटलं. पोरगी वेंधळीच. चष्मा डोक्यावर आणि शोधतेय टेबलाखाली. चार वर्षांपूर्वी तात्पुरत्या जागेवर आली तेव्हा पहिल्या दिवशी हिनेच स्वतःची खुर्ची ओढत आणून मामांच्या शेजारी बसून विचारलं होतं, “मामा, मला चिमटा धरायला शिकवाल?” शिकवला. सहा महिन्यांत चांगला धरायला लागली. मग तिने मामांनी मोजून ठेवलेल्या नळीवाल्यांच्या कुप्यांतून पावसाळ्यातले काही किडे बाजूला काढले, मोठ्या मायक्रोस्कोपवर नेले, आणि एक दिवस पळत आली. हे वेगळे आहेत, म्हणाली. सगळा तळ ओस पडतो तेव्हाच हे येतात. बाकीच्यांना जो ऋतू मारतो तो यांना जगवतो. मामा तेव्हा म्हणाले होते, “असतील.” बघितलं मात्र नव्हतं. बघायला कोणी सांगितलं नव्हतं. आता गुरुवारी समिती बसणार होती. त्या किड्यावर तिचं भाषण, आणि भाषणावर तिची कायमची जागा. जागा एकच होती. ती या वर्षी भरली नाही तर रद्द होणार होती, हे झाडूवाल्या बाईलासुद्धा ठाऊक होतं. मामांनी रिळाचं टोक चिमटीत धरलं, वीतभर दोरा ओढला. मग तो पुन्हा गुंडाळला. जेवणानंतर बांधू, काय घाई आहे. जेवणानंतर दुसरी बरणी आली. कुपी ट्रेत होती तशीच राहिली, आणि साडेपाच वाजता मामा हात धुऊन निघाले.

बसस्टॉपवर उभं असताना त्यांना वडिलांचे हात आठवले. वडील शाळेत गणित शिकवत आणि घरी मामांना. टेबलाच्या पलीकडे बसून ते बघत राहायचे, हाताची घडी घालून. मामा गणित मांडायचे, पानभर, घाम पुसत पुसत, कधी पाठपोट. वडील हूं की चूं करायचे नाहीत. शेवटची ओळ लिहून मान वर केली की म्हणायचे, “पहिल्याच ओळीत चुकलास. मी बघत होतो.” मारलं कधी नाही. हात उगारला असता तर बरं झालं असतं, कारण मार कुठे लागला ते दाखवता येतं. मामांना आठवत होती ती वडिलांच्या डोळ्यांतली मजा, मांजराच्या डोळ्यांत असते तशी, आणि त्या वयातही त्यांना तिचा राग येण्याऐवजी हेवा वाटला होता. पलीकडे बसणाऱ्याचा. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे आणि ज्याला कसलीच घाई नाही, त्याचा. बस आली, मामांना बसायला जागा मिळाली, आणि खिडकीच्या काचेत स्वतःचा चेहरा दिसल्यावर ते जरा हसले. चेहरा अगदी वडिलांवर गेला होता. लोक तोंडावर तसं म्हणत, कौतुकाने.

घरी दार उघडताना आतून बायकोचा आवाज येत होता आणि किल्ली फिरल्याबरोबर तो बंद झाला. “ठेवते मग,” एवढंच ऐकू आलं. लेकीचा फोन. लेक नेहमी मामा घरी नसतील अशी वेळ बघून फोन करायची आणि बायको नेहमी कोणाचाच फोन नव्हता असं तोंड करायची. नऊ वर्षं हे चाललं होतं. त्या वेळी लेकीला परगावी प्रवेशाच्या मुलाखतीला जायचं होतं. सहा तासांचा बसचा प्रवास. सकाळी ती पिशवी भरत होती, आई तिच्या मागेमागे फिरत होती, आणि मामा चहा पीत होते. गुणपत्रक टेबलावर वर्तमानपत्राखाली राहिलं होतं, त्याचा निळा कोपरा बाहेर दिसत होता. मामांनी तो बघितला. चहाचा घोट घेतला. पोरीने पिशवीची चेन लावली, पाया पडली, दारात जाऊन परत आली, छत्री घेतली, पुन्हा गेली. कोपरा तिथेच होता. तिसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. तिने फक्त विचारलं, “बाबा, तुम्हाला दिसलं नव्हतं ना ते?” आणि मामा म्हणाले, “दिसलं होतं. पण आता जन्मात विसरणार नाहीस.” ती विसरली नाहीच. पुढच्या महिन्यात मावशीकडे गेली, तिथूनच नोकरीला लागली, तिथेच लग्न केलं. लग्नाला मामा गेले होते, पाहुण्यासारखे. जेवताना बायकोने विचारलं, “आज एवढे खुशीत?” मामा म्हणाले, “काही नाही, काम बरं झालं.” पण झोपण्याआधी त्यांनी ठरवलं की उद्या सकाळी पहिलं काम दोऱ्याचं. हे ठरवताना त्यांना खरोखर बरं वाटलं. माणूस काही दगड नसतो.

मंगळवारी सकाळी ट्रे रिकामा होता. कुपी मॅडम घेऊन गेली होती. ती स्वतः लगेच आलीही, केस अजून ओले, हातात दोन कप चहा. एक मामांपुढे ठेवून ती उभीच राहिली आणि कारण नसताना हसत राहिली. “मामा, काल आईला सांगून टाकलं, सामान बांध म्हणून. घर सोडतेय तिकडचं. शुक्रवारी सकाळी पोचेल. तिचं सारखं आपलं, नक्की ना, नक्की ना? म्हटलं, नक्की.” आणि ती मामांकडे अशा नजरेने बघत होती की मामांना कळेना, ही आपले आभार कशाचे मानतेय? वेळ आत्ताची होती. दोन शब्द. मॅडम, सातवं कडं बघा. मामांनी घसा साफ केला. तेवढ्यात दारातून साहेबांचा आवाज आला, “काय, तुझा किडा दोरेमामांच्या कोर्टातून सुटला की नाही?” तिचे कान लाल झाले. “नाही हो सर,” ती घाईघाईने म्हणाली, “मामांना कशाला दाखवीन? मामांचं काम मोजायचं.” साहेब म्हणाले, “शहाणी आहेस. समितीपुढे मदतनिसाचं नाव निघालं तर हसं होईल,” आणि निघून गेले. ती मामांकडे वळून काहीतरी म्हणणार होती, पण मामांनी मान खाली घातली होती आणि डोळे मायक्रोस्कोपला लावले होते. मामांचं काम मोजायचं. तीस वर्षांपूर्वीचं वाक्य, नव्या तोंडातून. चिमटा धरायला मी शिकवला, आणि मामांचं काम मोजायचं! मामा म्हणायचं आणि मामाच बनवायचं. त्यांनी डोकी मोजायला सुरुवात केली. बावीस, तेवीस, चोवीस. चहावर साय धरली आणि तिच्यावर एक माशी येऊन बसली.

बुधवारी ती भाषणाची तालीम करत होती, बंद दाराआड, आणि तिचा आवाज भिंतीतून यायचा. पावसाळा, हिवाळा, उन्हाळा. किती जाती, किती डोकी. सगळे आकडे मामांचे होते. एकदा ती मध्येच बाहेर आली. टेबलाशी थांबली, ट्रेच्या कडेवरून बोट फिरवत. “मामा, सोमवारचं ट्रेमधलं सगळं झालं होतं ना बघून?” “झालं होतं.” “सगळं?” “सगळं.” “काही...?” मामांनी मान वर केली. ती वाट बघत होती. तिच्या कपाळावर शाईचा डाग होता आणि तो तिला माहीत नव्हता. मामांच्या मनात दयेसारखं काहीतरी आलं, आणि त्याच जागी लगेच ती दुसरी गोष्ट उठून बसली, हाताची घडी घालून. “काही नाही,” मामा म्हणाले. तिने सुटकेचा श्वास टाकला आणि आत गेली. शाईच्या डागाबद्दलही मामांनी काही सांगितलं नाही.

गुरुवारी सभागृहात मामांना मागच्या रांगेत खुर्ची मिळाली, खांबाआड. समितीत तीन माणसं होती. दोघे पेंगत होते आणि तिसरी एक म्हाताऱ्या पाहुण्या बाई, कानात यंत्र घातलेल्या, एक कान पुढे करून ऐकत होत्या. मॅडम छान बोलली. तिने आधी सगळा तळ उभा केला, कोणत्या ऋतूत कोण राहतं, कोण जातं, कोण पुन्हा येतं. आणि मग चौथं ठाणं, जिथे पावसाळ्यात सगळे जातात आणि एक जण येतो. पडद्यावर किडा आला, माणसाएवढा. टाळ्या पडायच्या बेतात होत्या. पाहुण्या बाई म्हणाल्या, “चित्र नको, तोच किडा दाखवता? खराखुरा.” कुपी आली, गळा उघडा, दोरा नसलेला. किडा मायक्रोस्कोपखाली गेला आणि पडद्यावर पुन्हा दिसला. “जरा खाली सरकवा. अजून. सहा, सात... इथे थांबा.” सांधा पडद्यावर हातभर रुंद झाला होता. आंधळ्यालाही दिसला असता. पाहुण्या बाई प्रेमाने म्हणाल्या, आणि ते प्रेम ऐकवत नव्हतं, “बाळ, याला नवी जात नाही म्हणत. याला जखम म्हणतात.” कोणीतरी फिस्सकन हसलं, मग पेंगणारे दोघे जागे होऊन हसले, आणि मग साहेबही हसले, कारण न हसून चालण्यासारखं नव्हतं.

मामा त्या गोडीची वाट बघत होते. चार दिवस जपून ठेवलेली गोडी. ती आली नाही. दिसत होती ती फक्त मॅडमच्या कपाळावरची ओलसर चमक. साहेब खुर्चीतून अर्धे उठून म्हणाले, “ही जात कोणी तपासली होती?” तिने सभागृहावरून नजर फिरवली. ती नजर खांबापाशी आली, खांबाआडच्या खुर्चीवर थांबली. मामांनी खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. बूट बिननाडीचे होते. “मीच, सर,” ती म्हणाली. “एकटीने.” मग पाहुण्या बाई, कदाचित पोरीला जरा सावरावं म्हणून, म्हणाल्या, “पण मोजदाद सुरेख आहे हं. तिन्ही ऋतूंची. इतकी स्वच्छ मोजणी मी फार दिवसांत बघितली नाही. ती कोणाची?” मॅडमने हात वर करून दाखवला, थेट खांबाकडे. “ती आमच्या मामांची.” माणसं वळली. मामांना उभं राहावं लागलं. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्यासाठी टाळ्या वाजल्या, आणि सगळ्यांत शेवटपर्यंत ती वाजवत होती.

दुपारी ती टेबलाशी आली. हातात कुपी होती. रडली असेल तर तोंड धुऊन आली होती. तिने तीच जुनी खुर्ची ओढली आणि चार वर्षांपूर्वी बसली होती तशी शेजारी बसली. जागा गेली होती, ते साहेबांनी जिन्यातच सांगितलं होतं. “आई निघालीसुद्धा,” ती म्हणाली. “सामानाचा ट्रक कालच गेला. उद्या सकाळी तिला आणायला जायचंय.” तिने कुपी टेबलावर उभी केली. “सोमवारी मीच ठेवली होती ही ट्रेत. साहेबांनी कोणाला दाखवायची नाही म्हणून सांगितलं होतं, तर लवकर येऊन चोरून ठेवली. मला ते सातवं कडं आठ दिवस झोपू देत नव्हतं, मामा. म्हटलं, मामांच्या ट्रेत ठेवू. संध्याकाळी येऊन बघितलं, दोरा नव्हता. इथेच उभी राहून आईला फोन केला.”

ट्रे, कुपी, हसत आणलेला चहा, बुधवारचं ते “काही...?” सगळं एका ओळीत येऊन उभं राहिलं, आणि चूक पहिल्याच ओळीत होती. ती विसरली नव्हती. ती वेंधळी नव्हती. तिने परीक्षा द्यायच्या आधी उत्तर दाखवायला आणलं होतं, सगळ्या इमारतीत ज्याच्यावर विश्वास होता त्या एकाला.

“एक विचारू?” तिचा आवाज अगदी हळू होता. त्यात राग नव्हता. रागापेक्षा वाईट असं काहीतरी होतं, आशा होती. “दोरा संपला होता का?”

रीळ मामांच्या कोपराशी होतं, गुबगुबीत, लालभडक, जेमतेम चौथाई वापरलेलं. मामांना लेक आठवली, दारात उभी राहून विचारणारी. तेव्हा ते खरं बोलले होते, छाती काढून. आताही बोलता आलं असतं. निदान हिला खरं तरी मिळालं असतं. पण पलीकडच्या खुर्चीत बसायला कोणी उरलं नव्हतं. मामा स्वतः आता अलीकडे, गणित मांडणाऱ्या पोराच्या जागी बसले होते, घामाघूम.

“हो,” मामा म्हणाले. “संपला होता.”

तिने रिळाकडे बघितलं. मग ते उचललं, टेबलाचा ड्रॉवर उघडला, आत अगदी मागे सारून ठेवलं आणि ड्रॉवर लावून घेतला, एखाद्या म्हाताऱ्या माणसाची दिसू नये ती गोष्ट आपण झाकून ठेवतो तसा. “बरं,” ती म्हणाली. खुर्ची जागेवर नेऊन ठेवली आणि गेली.

कोणी कोणाला काही सांगितलं असेल असं नाही. ती तर महिनाअखेरपर्यंत मामांना रोज चहा आणून देत होती. पण इमारतीत काही गोष्टी भिंतीतून कळतात. पुढच्या सोमवारी मामांनी ड्रॉवरमधून रीळ काढून पुन्हा टेबलावर ठेवलं, ट्रे ओल्या फडक्याने पुसला आणि संध्याकाळपर्यंत वाट बघितली. हिवाळ्याच्या बरण्या आल्या, त्या त्यांनी उपसल्या, डोकी मोजली, आकडे लिहिले. मोजणी आजही सुरेख होती. जेवणाच्या सुट्टीत साहेब हातात कुपी घेऊन दारापर्यंत आले, क्षणभर थांबले, आणि काहीतरी आठवल्यासारखं करून कुपी घेऊन परत गेले. साडेपाच वाजता मामांनी हात धुतले. ट्रे रिकामा होता.